घड्याळ नेमके केव्हा सुरू करायचे? आमच्या सोसायट्यांनी केलेला रुग्णवाहिकेचा करार

पुण्यातील धायरी परिसरातील आम्हा पाच गृहनिर्माण संस्थांनी मिळून एका खासगी कंपनीशी चोवीस तास रुग्णवाहिकेचा करार केला, त्याला ३० नोव्हेंबर २०२५ रोजी एक वर्ष पूर्ण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नूतनीकरणही झाले. या कामात मी पहिल्या बैठकीपासून होते. बँकेच्या कर्जविभागात नोकरी झाल्यामुळे करारनामे वाचण्याची सवय होती, पण रुग्णवाहिकेतले ओ की ठो कळत नव्हते. सुरुवातीला माहितीसाठी खूप शोधाशोध केली, तेव्हा कंपन्यांच्या जाहिरातींखेरीज फारसे काही सापडले नाही. इतर सोसायट्यांपैकी कोणी याच वाटेने निघाले, तर त्यांचे दोन-तीन महिने वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात १९ एप्रिल २०२४ च्या पहाटे झाली. आमच्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत पावणेचारच्या सुमारास दुखू लागले. त्यांच्या सुनेने वॉचमनच्या केबिनवर चिकटवलेल्या एका खासगी रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन केला. गाडी पस्तीस मिनिटांनी आली, ती मागच्या गेटला. ते गेट रात्री बंद असते आणि त्याची किल्ली दिवसपाळीचा वॉचमन खिशात घालून घरी घेऊन गेला होता. गाडी वळसा घालून पुढच्या गेटला येईपर्यंत आणखी नऊ मिनिटे गेली. गाडीत चालक एकटाच होता. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो उघडायचा पाना नव्हता. काकांच्या मुलाने स्वतःच्या मोटारीच्या डिकीतून पाना आणला, तो बसला नाही. अखेर तसेच निघाले. काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते आज संध्याकाळी बागेत फेऱ्या मारताना दिसतात. पण त्या पहाटे जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा सात-आठ जणांच्या मनातून तो पाना काही जाईना.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या पहाटे १०८ ला फोन करण्याचे कोणालाही सुचले नाही. ती गाडी महामार्गावरच्या अपघातांसाठी असते, असा आमच्यापैकी बहुतेकांचा समज होता. वास्तविक महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली ही सेवा कोणत्याही वैद्यकीय आणीबाणीसाठी आहे, ती पूर्णपणे मोफत आहे आणि तिचे नियंत्रण केंद्र आपल्या पुण्यातच, औंधच्या छाती रुग्णालयाच्या आवारात आहे. सुरुवातीला या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. गाडीवर डॉक्टर असतो. सेवा राज्य शासनाची असली, तरी ती चालवण्याचे काम करारानेच खासगी कंपनीकडे देण्यात आले. त्यामुळे 'असा करार असतो तरी कसा' या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हाला घराजवळच मिळाले. तुमच्या सोसायटीला स्वतंत्र करार करायचा असो वा नसो, वॉचमनच्या केबिनवर १०८ हा क्रमांक ठळक लिहिण्याचे काम आजच करता येईल. गरोदर महिला आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे, तोही त्याखाली लिहावा.

त्यानंतर तीन महिने नुसती चर्चा झाली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि सिंहगड रस्त्याचा तो पट्टा दिवसभर ठप्प झाला. आमच्याकडे पाणी आले नाही, पण रस्ता अडला की आपण कसे अडकतो हे सगळ्यांनाच दिसले. ४ ऑगस्टच्या रविवारी सहा सोसायट्यांचे पदाधिकारी आमच्या क्लबहाऊसमध्ये जमले. सदनिका एकूण १,३१०. रुग्णवाहिका आवारातच उभी ठेवायची, ही कल्पना त्या बैठकीत पक्की झाली. राजाराम पुलाजवळचा उड्डाणपूल त्याच महिन्यात खुला होणार होता, त्यामुळे 'आता वाहतूक सुटेल, कशाला हवे हे' असे म्हणणारेही दोघे होते.

गाड्यांची भाषा शिकण्यात पुढचे दोन आठवडे गेले. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचे राष्ट्रीय मानक आहे आणि त्यात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्रथम प्रतिसादासाठीचे वाहन, बी म्हणजे रुग्णाला केवळ वाहून नेणारी गाडी, सी म्हणजे मूलभूत जीवरक्षक, अर्थात बीएलएस, आणि डी म्हणजे प्रगत जीवरक्षक, अर्थात एएलएस. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर अशी अतिदक्षता विभागातील सामग्री डी प्रकारात असते. बाहेरून पाहिल्यास बी आणि सी यांत सामान्य माणसाला काहीही फरक दिसत नाही. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर दिवा. म्हणून कोटेशन मागवताना 'रुग्णवाहिका' एवढाच शब्द लिहू नका, प्रकार लिहा. आम्ही पहिल्या पत्रात तो लिहिला नव्हता, आणि त्यामुळे आलेली तीन कोटेशने एकमेकांशी ताडून पाहता येत नव्हती.

चार कंपन्यांना विचारले होते; एकीने उत्तरच दिले नाही. सर्वांत स्वस्त देकार दरमहा ८८,००० रुपयांचा होता. खजिनदारांना तो फार आवडला. मी विचारले, "या पैशांत माणसे किती?" उत्तर आले, एक चालक, चोवीस तास, गाडीतच झोपणार. दुसरा देकार १,४२,००० रुपयांचा होता: सी प्रकारची गाडी, आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत प्रत्येक वेळी एक चालक व एक प्रशिक्षित ईएमटी, म्हणजे आणीबाणीत उपचार करणारा तंत्रज्ञ. तिसरा २,९०,००० रुपयांचा, डी प्रकारच्या गाडीचा. आम्ही दुसरा निवडला आणि गरज पडल्यास डी प्रकारची गाडी बाहेरून ठरलेल्या दरात मागवण्याची अट घातली. पहिल्या आणि दुसऱ्या देकारातील ५४,००० रुपयांचा फरक हा केवळ माणसांचा फरक होता, हे सभेत समजावून सांगणे मात्र सर्वांत कठीण गेले.

सभेचा कार्यक्रम आधीच आखून ठेवावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. आमची सभा २२ सप्टेंबरला ठरली आणि नोटीस लावण्याची वेळ नेमकी गणपतीच्या तोंडावर आली. ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या संध्याकाळी, आमचे सेक्रेटरी एका हातात मखराची झिरमिळी आणि दुसऱ्या हातात नोटिशीचे कागद घेऊन सूचनाफलकांवर फिरत होते. विषयपत्रिकेत 'रुग्णवाहिका सेवेचा करार व त्यासाठी प्रति सदनिका मासिक आकारणी' असे स्पष्ट शब्द घाला. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' या शेपटात हा विषय ढकलला, तर पुढे एखादा सभासद ठरावालाच आव्हान देऊ शकतो.

सभेत जे प्रश्न आले ते तुमच्याकडेही येतील. १०८ फुकट असताना हे कशाला? आमच्या दोन मोटारी आहेत, आम्ही का भरायचे? भाडेकरूंच्या घराचे कोण देणार? पहिल्या प्रश्नाला मी उत्तर दिले की १०८ बंद करायची नाही, गाडी बाहेर गेलेली असेल तेव्हा आपणही १०८ लाच फोन करणार आहोत. दुसऱ्याला सातव्या मजल्यावरच्या आजींनी परस्पर उत्तर दिले: "दोन मोटारी आहेत, पण रात्री तू दिल्लीला आणि सून एकटी. मग चालवणार कोण?" आमच्याकडे ठराव ६१ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. चार सोसायट्यांतही झाला. सहाव्या, १७० सदनिकांच्या सोसायटीने नकार दिला. उरल्या १,१४० सदनिका. दरमहा प्रत्येकी १३० रुपये, म्हणजे १,४८,२०० रुपये जमा. कंपनीचे पैसे देऊन महिन्याला सहा हजारांच्या आसपास किरकोळ खर्चाला राहतात.

मग करारावर सही कोणी करायची, हा प्रश्न निघाला. आमची समन्वय समिती कुठेही नोंदणीकृत नाही, तिच्या नावाने ना पॅन ना बँक खाते. पाच वेगवेगळे करार केले असते, तर गाडी एक आणि मालक पाच असा प्रकार झाला असता. अखेर एका सोसायटीने कंपनीशी करार केला आणि उरलेल्या चौघींनी तिला ठरावाची प्रत जोडून हमीपत्रे दिली. ही एक सोसायटी निवडण्याचे कारण अगदी साधे होते: तिच्याकडे टॅन, म्हणजे कर कापून भरण्यासाठी लागणारा क्रमांक होता. कंत्राटदाराला पैसे देताना तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४सी खाली कर कापावा लागत होता, कंपनी असल्यास दोन टक्के, आणि आमच्यापैकी दोन सोसायट्यांनी टॅनसाठी कधी अर्जच केला नव्हता. जीएसटीचेही एक प्रकरण झाले. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावलेला होता. म्हणजे महिन्याला २५,५६० रुपये. रुग्णाला रुग्णवाहिकेतून नेण्याच्या सेवेला सूट आहे, हे आमच्या सीएनी दाखवून दिले. कंपनीच्या हिशेबनिसांचे म्हणणे होते की गाडी उभी ठेवण्याचे पैसे म्हणजे वाहतूक नव्हे. पंधरा दिवस पत्रापत्री झाली आणि सेवेचे वर्णन करारात नीट लिहिल्यावर तो कर निघाला. ही ओळ स्वतःच्या सीएकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कराराच्या मुख्य भागाकडे येते. कंपनीच्या छापील मसुद्यात 'सरासरी प्रतिसाद वेळ १० मिनिटे' असे होते. माझी भाची अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंडला राहते. तिला सहज हा मसुदा वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "मावशी, सरासरी कसली घेतेस? आमच्याकडे सध्या यावरूनच भांडण चालले आहे." तिने पाठवलेल्या बातम्या मी दोन रात्री बसून वाचल्या. पोर्टलंड ज्या मल्टनोमा काउंटीत येते, तिचा रुग्णवाहिकेचा करार एका खासगी कंपनीशी आहे. शहरी भागात ९० टक्के वेळा गाडी ८ मिनिटांच्या आत पोहोचली पाहिजे, अशी त्यातील अट. कंपनी ती पाळू शकली नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये काउंटीने तिला पाच लाख डॉलरहून अधिक दंड केला. कंपनीचे म्हणणे असे की प्रत्येक गाडीवर दोन पॅरामेडिक (ईएमटीपेक्षा वरच्या प्रशिक्षणाचे) हवेत हा काउंटीचा नियम आहे आणि तेवढी माणसे मिळत नाहीत. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये काही गाड्यांवर एक पॅरामेडिक आणि एक ईएमटी चालेल, अशी तडजोड झाली. वेळ आणि माणसे या दोन अटी वेगळ्या पानांवर लिहिलेल्या असल्या तरी एकमेकींना कशा ओढतात, ते मला तिथे कळले. आमच्या ८८,००० रुपयांच्या देकारातही वेळेची अट होतीच की! चोवीस तास जागा राहणारा चालक मात्र जगात कुठे मिळत नाही.

सरासरीतला धोका मी समितीला फळ्यावर गणित करून दाखवला. नऊ वेळा गाडी चार मिनिटांत आली आणि दहाव्या वेळी चाळीस मिनिटांनी, तरी सरासरी साडेसात मिनिटांच्या जरा वर येते. दहावा माणूस सरासरीत दिसतच नाही. पण ९० टक्क्यांची अटही आम्ही जशीच्या तशी उचलली नाही. लाखो लोकवस्तीच्या शहराला ती ठीक आहे. आमच्याकडे महिन्याला पाच-सहा फोन येणार, त्यांतील दहा टक्के म्हणजे अर्धा रुग्ण. म्हणून आम्ही प्रत्येक फोन स्वतंत्र धरला: गाडी आवारात असेल तर सहा मिनिटांत इमारतीच्या दारात, गाडी रुग्ण घेऊन गेलेली असेल तर कंपनीची दुसरी गाडी पंचवीस मिनिटांत, आणि डी प्रकारची गाडी मागवल्यास तीस मिनिटांत. प्रत्येक उशिराला दोन हजार रुपये बिलातून वजा. दंड याहून जास्त ठेवा असे काही जण म्हणत होते, पण फार मोठा दंड लावला की नोंदी खोट्या होऊ लागतात, हा माझा बँकेतील अनुभव आहे.

घड्याळ केव्हा सुरू होते यावर सर्वांत जास्त वाद झाला. कंपनीचे म्हणणे, चालकाने गाडी सुरू केल्यापासून. आमचे म्हणणे, फोन उचलल्यापासून. मधल्या वेळात ईएमटी बूट घालतो, पत्ता विचारतो, चालक स्वच्छतागृहात असतो. ती तीन-चार मिनिटे रुग्णाच्या लेखी तीच असतात. तीन बैठकांनंतर ते फोन उचलल्यापासून असे ठरले. दुसरी अट रुग्णालयाबद्दलची: कोठे न्यायचे हे नातेवाईक ठरवतील, ते ठरवू शकत नसतील तर जवळचे योग्य रुग्णालय, आणि कंपनीने वा कर्मचाऱ्याने कोणत्याही रुग्णालयाकडून मोबदला घेतल्याचे आढळल्यास करार तत्काळ रद्द. हे वाक्य वाचून कंपनीचे प्रतिनिधी हसले आणि म्हणाले, "मॅडम, हे आजवर कोणी लिहून घेतले नव्हते." सही केली, एवढे खरे.

कागदपत्रांत गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र स्वतः पाहावे. त्यावर वाहनाचा प्रकार रुग्णवाहिका असाच लिहिलेला हवा. फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या मुदती वहीत टिपून ठेवाव्यात. ईएमटींची प्रमाणपत्रे तिन्ही पाळ्यांची मागावी, कारण नमुन्यादाखल दाखवतात ते एकाचेच. मुद्रांकाची गंमत अशी झाली की आम्ही शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरचा हिशेब धरून बसलो आणि ऑक्टोबर २०२४ च्या मध्यात राज्य सरकारने शंभराच्या जागी किमान पाचशे रुपये केले. त्यात निवडणूक जाहीर झालेली, नोटरीकडे प्रतिज्ञापत्रांची रांग. सही होईपर्यंत दिवाळी उलटली.

१७ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, आम्ही रंगीत तालीम घेतली. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत उपयोगी दोन तास तेच. आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर एक तरुण सभासद रुग्ण होऊन झोपला. गाडी चार मिनिटांत दारात आली, ईएमटी स्ट्रेचर घेऊन लिफ्टपाशी गेला आणि तिथेच थांबला. आमची लिफ्ट सहा जणांची, ४०८ किलोची. तिच्यात माणसे सहा उभी राहतात, पण आडवा माणूस एकही मावत नाही. स्ट्रेचर तिरके करून पाहिले, डोक्याची बाजू उचलून पाहिले, दार काही लागेना. जिन्याच्या वळणावर ते कठड्याला अडकले. खोटा रुग्ण आधी हसत होता. दुसऱ्या वळणावर स्ट्रेचर कलले तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला आणि कोणीच हसेना. पंधरा वर्षे आम्ही त्या इमारतीत राहतो आणि हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. त्याच आठवड्यात जिन्यावरून उतरवण्याची, पट्ट्यांनी बांधता येणारी घडीची खुर्ची १८,५०० रुपयांना घेतली. तुमच्याकडे करार होवो न होवो, एकदा स्ट्रेचरची लांबी घेऊन लिफ्ट मोजून पाहा.

त्याच दिवशी ऑक्सिजनचा काटा वाचायला शिकलो. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना काटा १५० च्या आसपास असतो. गाडीत कायम बसवलेला मोठा डी सिलिंडर असतो (ही अक्षरे सिलिंडरच्या आकाराची, गाडीच्या प्रकाराची नव्हेत), त्यात साधारण ७,००० लिटर वायू; मिनिटाला दहा लिटर लावला तर अकरा तासांहून अधिक पुरतो. हाताने उचलून नेण्याचा बी सिलिंडर १,५०० लिटरचा, तो याच वेगाने अडीच तास. आता दर सोमवारी एक सभासद गाडीत जाऊन दोन्ही काटे पाहतो, वहीत आकडा लिहितो आणि पाना साखळीला अडकवलेला आहे ना, हे हाताने ओढून बघतो. ती साखळी आमचीच कल्पना, आणि ती कोणत्या रात्रीतून आली हे सांगायला नको.

१ डिसेंबर २०२४ पासून सेवा सुरू झाली. पहिला फोन ९ तारखेला आला, स्नानगृहात पडलेल्या एका आजोबांसाठी. गाडी वेळेत आली, सगळे नीट झाले, आणि महिनाअखेरीस त्याच फोनवरून पहिला वाद झाला. वॉचमनच्या वहीप्रमाणे गाडी नऊ मिनिटांनी आली होती, कंपनीच्या नोंदीप्रमाणे पाच मिनिटांनी. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. केबिनमधले भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते, वॉचमनने फोनची वेळ त्या आजोबांच्या सुनेच्या मोबाइलवरून लिहिली होती आणि गाडीची वेळ भिंतीवरून! तेव्हापासून फोनची वेळ मोबाइलच्या कॉल नोंदीतून आणि गाडीची वेळ गेटच्या कॅमेऱ्यातून घेतो, दोन्ही यंत्रांची वेळ दर महिन्याला जुळवतो. करारात घड्याळ केव्हा सुरू करायचे यावर आम्ही तीन बैठका घालवल्या होत्या. कोणाचे घड्याळ, हे मात्र लिहायचे राहिले होते.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ही नावे रोज वर्तमानपत्रात दिसू लागली. पाणी उकळून पिणे, विहिरींचे नमुने, अफवा, हे सर्व तुम्हाला आठवत असेलच. या आजारात अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढत जातो आणि काही रुग्णांत श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो; तेव्हा व्हेंटिलेटर लागतो, आणि आमच्या आवारातील गाडीत तो नव्हता. महिनाअखेरीस चौथ्या इमारतीतील चाळिशीच्या एका ताईंना आधी पावलांना मुंग्या, मग जिना चढवेना, आणि तिसऱ्या दिवशी बोलताना धाप लागू लागली. ईएमटीने श्वास मोजले, ऑक्सिजन लावला आणि डी प्रकारची गाडी मागवण्यास सांगितले. ती तीस मिनिटांत यायची होती, अडतिसाव्या मिनिटाला आली. ताई सात आठवड्यांनी घरी परतल्या.

बिलाच्या वेळी मी दोन हजार वजा केले. कंपनीने शांतपणे कराराचे अकरावे पान उघडून दाखवले. 'अपरिहार्य परिस्थिती' या कलमात भूकंप, पूर, दंगल, युद्ध यांच्या रांगेत 'साथरोग' हा शब्द होता आणि अशा वेळी दंड लागू नव्हता. हे छापील कलम. मी ते तीनदा वाचले होते, आणि बँकेतील प्रत्येक करारात असते तसेच असल्यामुळे डोळ्यांखालून तीनदा गेले होते. संगणक पुरवणाऱ्या कंपनीला साथीची सवलत देणे समजू शकते. आणीबाणीत धावून येण्यासाठीच जिला पैसे देतो, तिला आणीबाणीची सवलत आम्ही स्वतः सही करून दिली होती. दोन हजार रुपये परत केले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण पैसे नव्हते.

नंतरचे महिने तुलनेने सरळ गेले. वर्षभरात ७१ फोन आले, पाच वेळा उशीर झाला आणि चार उशिरांचे आठ हजार रुपये वजा झाले. दोन ईएमटी नोकरी सोडून गेले. नवा माणूस आला की त्याला पाचही सोसायट्यांची गेटे आणि लिफ्ट फिरून दाखवण्याचे काम आमच्याकडे आहे, ते कंपनीवर सोडलेले नाही. नकार दिलेल्या सहाव्या सोसायटीतूनही फोन येतात. गाडी जाते. आरटीओच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे घेते आणि ते बिलात वेगळे दाखवले जातात. यावर आमच्या सभेत दर वेळी कोणीतरी आवाज चढवते, आणि दर वेळी सातव्या मजल्यावरच्या आजी त्याला गप्प करतात.

नूतनीकरणाची बोलणी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू केली. कंपनीने बारा टक्के वाढ मागितली, १,५१,००० रुपयांवर जमले. आकारणी प्रति सदनिका १४० रुपये झाली. अपरिहार्य परिस्थितीच्या कलमातून 'साथरोग' काढायला त्यांच्या वकिलाने पाच आठवडे घेतले. 'पूर' हा शब्दही काढा असे आम्ही म्हटले, तेव्हा त्यांनी विचारले की रस्त्यावर चार फूट पाणी असेल तर गाडी जाणार कशी. ते बरोबर होते. तो शब्द ठेवला, आणि त्याच्या शेवटी एवढेच जोडून घेतले की गाडी निघू शकत नसेल, तर फोन उचलल्यापासून दोन मिनिटांत तसे स्पष्ट सांगायचे आणि १०८ ला फोन त्यांनी स्वतः लावून द्यायचा.